कुणीतरी आल्याचा उजेड

अंधारात माझ्या हाताला एक बाही लागली.

मी चटकन हात मागे घेतला. सूक्ष्मदर्शकाच्या त्या खोलीत मी एकटीच होते. म्हणजे मी आणि एक उंदीर. बाहेर टळटळीत दुपार होती, पण या खोलीला खिडकी नव्हती, दाराला आतून जाड काळा पडदा होता आणि कोपऱ्यात एक लाल दिवा तेवढा मिणमिणत होता. उंदराला लाल रंग दिसत नाही, त्यामुळे त्याच्या लेखी ती अमावास्याच. एसीने माझी बोटं बधिर झाली होती. अंगावर काहीतरी घ्यावं म्हणून मी दारामागे चाचपडत गेले होते. तिथे बाही होती, आणि ती हलत होती.

मी काही भित्री नाही. शाळेत असताना भुताच्या गोष्टी सांगून दुसऱ्यांना रडवणारी मुलगी होते मी. एसीचा झोत लागला की कापड हलणारच, असं मनाला दटावून मी पुन्हा हात घातला, खुंटीवरचा ॲप्रन ओढून काढला आणि सवयीने झटकला.

माझ्या पाठीमागची स्क्रीन उजळली.

मी वळले. उंदराच्या मेंदूचा जो चिमुकला तुकडा आम्ही बघत होतो, तो हिरवागार झाला होता. उंदीर आपल्या छोट्या चाकावर पळायचा थांबला होता. त्याच्या मिश्या ताठ झाल्या होत्या आणि नाकपुड्या भराभर हलत होत्या. बक्षिसाचं साखरपाणी त्याला मिळालं नव्हतं, ते येणार असं सांगणारी घंटा वाजली नव्हती, दारही उघडलं नव्हतं. तरीही तो उजेड सांगत होता की कुणीतरी आलंय.

हा उजेड कसला, ते आधी सांगते. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात ते रसायनांच्या थेंबांनी. त्यातलं एक डोपामिन. काहीतरी चांगलं मिळणार अशी चाहूल लागली की ते पाझरतं. आमच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेत हेमांगी भोईटे नावाची माझी एक सीनियर होती. तिने असं एक प्रथिन घडवलं होतं की त्याला डोपामिन चिकटलं रे चिकटलं की ते हिरवं चमकतं. ते उंदराच्या मेंदूत पोचवायचं, कवटीला मसुराएवढी काचेची खिडकी बसवायची आणि वरून सूक्ष्मदर्शकाने बघत राहायचं. उंदराच्या मनात आशा उगवली की इकडे स्क्रीनवर उजेड. हेमाताईने त्या प्रथिनाचं नाव ठेवलं होतं काजवा.

आणि हा काजवा गेले काही आठवडे वेड्यासारखा वागत होता. मधूनच, काहीही कारण नसताना पेटायचा. आम्ही सगळ्यांनी मिळून शोध लावला की एसीचा कॉम्प्रेसर धाडकन सुरू झाला की हे होतं. म्हणजे विजेचा दाब हलतो, सूक्ष्मदर्शकाचा लेसर थरथरतो आणि खोटा उजेड दिसतो. झालं, स्टॅबिलायझर आला, वायरी बदलल्या, इलेक्ट्रिशियनने येऊन आम्हालाच चार शब्द सुनावले. उजेड तसाच. मग लेसरवरचा संशय काजव्यावर आला. आमच्या गाईड उमराणीकर मॅडम. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही आणि त्यामुळेच आम्ही त्यांना टरकून असायचो. त्यांनी शांतपणे सांगितलं, की जे प्रथिन कारणाशिवाय चमकतं त्याच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. जर्नलकडे पाठवलेला शोधनिबंध त्या मागे घेणार होत्या.

तो निबंध हेमाताईचा होता. तो मागे घेतला तर तिच्या नावावर काहीच उरणार नव्हतं, आणि नवीन काही करायला ती उरली नव्हती. पावसाळ्याच्या अखेरीस तिला डेंग्यू झाला. ताप काय, उतरेल, असं म्हणत ती दोन दिवस काम करत राहिली, आणि त्याच आठवड्यात गेली.

मी हातातला ॲप्रन लाल दिव्याजवळ नेला. उजव्या बाजूला आतून शिवलेला खिसा होता. हेमाताई डावखुरी, म्हणून तिच्या आईने तिच्यासाठी ॲप्रन स्वतः शिवला होता. आमच्यासारखा दुकानातला नव्हे. आमच्याकडे एक रीत होती. जो माणूस उंदराला शिकवतो त्याने शिकवणी संपेपर्यंत एकच ॲप्रन घालायचा आणि तो धुवायचा नाही. उंदीर माणूस ओळखतो तो वासाने. रोज वेगळा वास आला तर तो बिचकतो. हेमाताई गेल्यावर तिचं टेबल आवरलं, कपाट आवरलं. या खोलीत मात्र आम्ही कायम अंधारात वावरणारे; दारामागच्या खुंटीकडे कुणाची नजरच गेली नाही. आणि खुंटीच्या बरोबर वर होता एसी.

म्हणजे कॉम्प्रेसर सुरू व्हायचा, झोत ॲप्रनवरून उंदराकडे जायचा, आणि त्याला वाटायचं, आली.

 ॲप्रन तिथेच टाकून मी मॅडमकडे पळाले.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या तशाच माझ्याबरोबर खोलीत आल्या. आधी त्यांनी ॲप्रन बाहेर नेऊन ठेवायला लावला. एसी बंद झाला, सुरू झाला, स्क्रीन अंधारीच. मग मला माझ्या ॲप्रनमध्ये आत यायला सांगितलं. काही नाही. मग त्या म्हणाल्या की हेमांगी आत येताना काहीतरी बोलायची, ते बोल.

ती बोलायची ते मला पाठ होतं. आमच्याशी ती पुणेरी बोलायची आणि उंदरांशी तिच्या गावचं, फलटणचं. पडदा सारून आत आली की हलक्या आवाजात म्हणायची, "काय पावणं, बरं हाय का?" मी तसंच, तिच्या सुरात म्हणून पाहिलं. गेलेल्या माणसाची नक्कल करताना जीभ जड होते, हे मला तोवर माहीत नव्हतं. उंदराने दखलही घेतली नाही. शेवटी मी हेमाताईचा ॲप्रन हातात धरून आत आले, आणि दारातून पाऊल पडतं न पडतं तोच स्क्रीन हिरवी झाली.

"काजवा खरा आहे," मी म्हणाले. मला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते.

"अजून नाही," मॅडम म्हणाल्या.

त्यांचं म्हणणं असं, की कदाचित त्या वासातलंच एखादं रसायन काजव्याला चेतवत असेल. तसं असेल तर वास आला की प्रथिन दर वेळी तेवढंच चमकेल, शंभर वेळा आला तर शंभर वेळा. पण हा उजेड खरोखर आशेचा असेल तर तो टिकणार नाही. वास येतोय पण तिचा हात येत नाही, साखरपाणी येत नाही, असं पुन्हापुन्हा झालं की आशा विझत जाते आणि उजेडही विझत गेला पाहिजे. एसीच्या झोताने तो वास चुकूनमाकून यायचा; आता दारातून, जशी ती यायची तसा, लागोपाठ आणायला हवा होता. तो विझला, तरच हेमांगीचं काम सिद्ध झालं.

मला कळलं, पण कळून घ्यायचं नव्हतं. तिने शिकवलेल्या उंदरांपैकी हा एकच उरला होता. तिचं नाव राखायचं तर तिची वाट बघणाऱ्या या एका जिवाचं ते वाट बघणं आम्हाला आमच्या हातांनी थांबवायचं होतं.

आम्ही बाहेर आलो तर कॉरिडॉरमधल्या बाकावर हेमाताईची आई, भोईटे काकू, बसलेल्या. त्या येणार असल्याचं मॅडमना माहीत होतं, माझ्या ध्यानातून गेलं होतं. काकू फलटणला ब्लाउज-ड्रेस शिवायच्या. लेकीच्या सामानाची पिशवी घरी पोचली तेव्हा तिच्यात ॲप्रन नव्हता, म्हणून त्यांनी दोनदा फोन केला होता. आम्ही दोन्ही वेळा शोधतो म्हणून सांगितलं होतं. आज स्वतःच एसटीने आल्या होत्या. मांडीवर घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा होता. मला वाटलं आमच्यासाठी काही खायला आणलंय.

माझ्या हातात ॲप्रन बघताच त्या उठल्या. तो घेतला, चेहऱ्याशी नेला आणि तशाच उभ्या राहिल्या.

"धुतला न्हाई ना?" त्यांनी विचारलं.

नाही म्हटल्यावर त्यांनी डब्याचं झाकण उघडलं. डबा रिकामा होता. घरचे तिचे कपडे एव्हाना कपाटाच्या वासाचे झाले होते, असं त्या सांगत होत्या. कपाट कितीही कमी उघडलं तरी वास जातोच. म्हणून यासाठी डबा आणला.

मॅडमनी त्यांना थांबवलं. खोटं बोलणं मॅडमना जमायचं नाही, आणि गोड करून सांगणंही नाही. त्यांनी सगळं होतं तसं सांगितलं: उंदीर, उजेड, निबंध, आणि आता काय करावं लागेल ते. काकूंना किती समजलं कोण जाणे. मी त्यांचा चेहरा बघत होते. बोलणं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं की तो उजेड त्यांना दिसेल का. आणि ॲप्रन त्या कुणाच्या हातात देणार नाहीत, आत न्यायचा तर त्याच नेतील.

मी आत स्क्रीनपाशी बसले, मॅडम माझ्या मागे उभ्या राहिल्या. पडदा सरला. लाल उजेडात आधी पांढरा ॲप्रन दिसला. काकूंनी तो घडी करून छातीशी धरायच्या ऐवजी अंगात घातला होता. मायलेकींची उंची एक, खांदे एक. तेवढ्या अंधारात चेहरा दिसत नव्हता. माझ्या हाताखालचा माउस मी घट्ट धरून ठेवला.

काकू उंदराकडे वाकल्या आणि सहज, पाहुण्याला विचारावं तसं म्हणाल्या, "काय पावणं, बरं हाय का?"

त्यांना कुणी हे सांगितलं नव्हतं.  स्क्रीन अशी पेटली की खोलीतल्या तिघींचे चेहरे हिरवे दिसायला लागले. इतका उजेड मी काजव्याचा कधी पाहिला नव्हता, हेमाताई असतानाही नाही.

काकू स्क्रीनकडे बघत राहिल्या.

"ह्ये तिच्यासाठी?"

"हो," मी म्हणाले.

"त्याला वाटतंय ती आली."

"हो, काकू."

तेवढ्यात तो उजेड ओसरला. साखरपाणी आलं नव्हतं. नुसता ओसरला नाही, स्क्रीनच्या कडेला त्याच्या आलेखाची रेघ नेहमीच्या पातळीच्याही खाली गेली. काकूंनी हे काय म्हणून विचारलं, तेव्हा मॅडमनी सांगितलं की अपेक्षा केली आणि ती पुरी झाली नाही की डोपामिन पाझरायचं अगदी थांबतं, म्हणून तो खड्डा पडतो. काकूंनी त्या खड्ड्यावर बोट ठेवलं. स्क्रीनला हात लावायचा नसतो, पण आम्ही त्यांना अडवलं नाही.

मॅडम म्हणाल्या, इथे थांबायचं असेल तर थांबू. नळीतून साखरपाणी दिलं की उजेड तसाच राहील, उंदीर जगेल तोवर राहील. फक्त मग निबंध मागे घ्यावा लागेल. निर्णय तुमचा, मी आग्रह करणार नाही. मॅडमनी आपला निर्णय दुसऱ्यावर सोडल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं आणि मला त्यांची कीव आली.

काकूंनी ॲप्रनच्या बाहीवरून हात फिरवला. मग त्यांनी विचारलं की असं आत-बाहेर केल्याने ॲप्रनचा वास उडून जाईल का. आपल्याला येईनासा झाला तरी उंदराला तो महिनोन् महिने येत राहतो, असं मॅडमनी सांगितल्यावर त्यांनी मान हलवली.

"दारात कोन आलं की माझं बी असंच हुतं बघा," त्या म्हणाल्या. "कडी वाजली की जीव वर येतो, आन् मग ह्यो खड्डा. त्या मुक्या जिवाला कशाला ठिवायचं असं? संपवा."

मग काकू बाहेर जायच्या आणि आत यायच्या. दर वेळी तोच ॲप्रन, तीच चाल. दर वेळी त्या पावण्याची विचारपूस करायच्या. कुणीतरी त्यांना सांगायला हवं होतं की बोलायची गरज नाही, पण मी सांगितलं नाही. मला तो सूर ऐकायचा होता. पहिल्या काही खेपांना उजेड जवळजवळ तेवढाच राहिला. मग थोडा कमी झाला. मी आकडे बघत होते आणि प्रत्येक वेळी मनात दोन गोष्टी एकदम मागत होते: कमी होऊ दे, आणि होऊ नको देऊस. दुपार कलली असावी. त्या खोलीत कळत नाही. काकूंची पावलं जड व्हायला लागली. पडद्यापाशी त्या थबकायच्या, मग आत यायच्या. उजेडाला आता स्क्रीनभर पसरायचं बळ नव्हतं. नुसतं मध्यभागी थोडं हिरवं यायचं आणि जायचं.

आणि मग एका खेपेला त्या आत आल्या, वाकल्या, "बरं हाय का?" म्हणाल्या, आणि काही झालं नाही. उंदीर चाकावर पळत राहिला. त्याने पळणंही थांबवलं नाही.

आणखी एकदा. तेव्हाही नाही.

काकू स्क्रीनसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"इसरला," त्या म्हणाल्या.

"विसरला नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "ती येणार नाही, हे त्याला कळलं."

काकूंनी ॲप्रन उतरवला. त्याच्या कडा जुळवल्या, शिवणकाम करणारी बाई घालते तशी काटेकोर घडी घातली आणि डब्यात ठेवून झाकण दाबलं.

"मग माझ्यापरीस शाना हाय त्यो," त्या म्हणाल्या.

मॅडम त्यांना आपल्या गाडीतून स्वारगेटला सोडायला गेल्या.

निबंध पुढे छापून आला. पहिलं नाव हेमांगी भोईटे, आणि त्यापुढे एक बारीक खूण, ती हयात नसल्याची. आज काजवा कुठल्याकुठल्या देशांत वापरतात. मी आता दुसऱ्या शहरात शिकवते. उजेड विझत गेल्याचा तो आलेख मी विद्यार्थ्यांना दाखवते, आणि तो किती स्वच्छ आहे असं ते म्हणतात. आलेखाच्या अगदी शेवटी एक उंचवटा आहे. तो काय म्हणून अजून कुणी विचारलेलं नाही.

त्या दिवशी सगळे गेल्यावर एकच काम राहिलं होतं: रिकाम्या खोलीची नोंद. उंदराला नुसतं बसवायचं, काहीही करायचं नाही, आणि स्क्रीन शांत राहते एवढं दाखवायचं. मी बसले. खुंटी मोकळी होती. ॲप्रन डब्यात आणि डबा एव्हाना एसटी स्टँडवर. कॉम्प्रेसर धाडकन सुरू झाला. स्क्रीनवर काही नाही. बंद झाला, पुन्हा सुरू झाला, काही नाही. मी नोंद बंद करायला हात पुढे केला.

उंदराचं चाक थांबलं.

त्याच्या मिश्या ताठ झाल्या. नाकपुड्या हलायला लागल्या. आणि स्क्रीन हिरवी झाली, आधी मध्यभागी, मग कडेपर्यंत. ती पेटली आणि पेटलेलीच राहिली. काकूंच्या पहिल्या खेपेलाही इतका वेळ राहिली नव्हती.

याला आमच्या शास्त्रात उत्तर आहे. विझलेली आशा थोड्या विश्रांतीनंतर कधीकधी आपोआप उसळी घेते. पाठ्यपुस्तकात तसं चक्क लिहिलंय आणि ते मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. दुसऱ्या दिवशी मॅडमनीही तेच सांगितलं. पण त्या क्षणी मला पुस्तक आठवलं नाही. मी खुर्चीतून वळून दाराकडे पाहिलं.

पडदा हलत नव्हता. लाल उजेडात तिथे कुणी नव्हतं, आणि तरी तिथे कुणीतरी यावं एवढी जागा होती.

"ये ना, हेमाताई," मी म्हणाले.

उजेड ओसरेना. पण आता तो ओसरणार आणि मग खाली जाणार, हे मला माहीत होतं. तो खड्डा मी दुपारभर बघितला होता. उंदीर मान न हलवता दाराच्या दिशेने हुंगत होता. मी नोंद बंद केली. मग टेबलाच्या कडेला हात घालून साखरपाण्याची कळ शोधली आणि दाबली. नळीच्या टोकाशी थेंब आला, आणि त्याने तो चाटून घेतला.